काटा तळाला टेकतो तेव्हा टाकीत किती डिझेल असतं?

खोपोलीत डिझेलचा पिवळा दिवा लागला, तर गाडी लोणावळ्यापर्यंत जाईल का? कर्जत आणि खालापूर तालुक्यांत गाडी चालवणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. उत्तर देणारेही पुष्कळ भेटतात. एक जण सांगतो, दिवा लागल्यावर पन्नास-साठ किलोमीटर बिनधास्त जा. दुसरा म्हणतो, काटा खाली टेकला तरी चार-पाच लिटर असतंच, कंपनीच तसं ठेवते. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण ते सपाटीवरचं तथ्य. आमच्याकडे सपाटी आहे ती उल्हास आणि पाताळगंगेच्या काठाने. तिथून जरा आत वळलं की घाट लागतो, आणि घाटात काट्याचं गणित बदलतं. ते का बदलतं हे समजून घ्यायचं तर आधी काटा नेमकं काय मोजतो ते पाहायला हवं.

डॅशबोर्डवरचा काटा लिटर मोजत नाही. टाकीत एक फ्लोट असतो, म्हणजे डिझेलवर तरंगणारा प्लॅस्टिकचा किंवा फोमचा लहानसा ठोकळा. तो एका बारीक तारेच्या दांडीला जोडलेला असतो. डिझेलची पातळी वर-खाली झाली की दांडी फिरते आणि तिच्या दुसऱ्या टोकाची धातूची जीभ एका पट्टीवर सरकते. या पट्टीचा विद्युतरोध जागोजागी वेगळा असतो. रोध बदलला की तारेतून मिळणारा संकेत बदलतो आणि काटा हलतो. म्हणजे मोजली जाते ती फ्लोट जिथे आहे तेवढ्या एका ठिकाणची डिझेलची उंची. बाकीच्या टाकीत काय चाललं आहे याची काट्याला खबर नसते.

हे युनिट गॅरेजमध्ये टाकीबाहेर काढलेलं असेल तर मुद्दाम जवळून बघावं. बऱ्याच मोटारींत मागची सीट उचलली की खाली गोल झाकण असतं आणि त्यातून ते बाहेर येतं. बोटाने दांडी हळूहळू वर उचलली तर पट्टीवर जीभ सरकल्याच्या बारीक चकचकीत रेघा दिसतात. जुन्या गाडीत या रेघा सगळीकडे सारख्या नसतात. जो माणूस कायम पाचशे रुपयांचं डिझेल टाकून गाडी चालवतो, त्याच्या गाडीत पट्टीचा खालचा भागच जास्त घासलेला असतो, कारण दांडी वर्षानुवर्षं तेवढ्याच पट्ट्यात थरथरत राहिलेली असते. मग काटा मध्येच उडी मारतो, पाव टाकीवरून एकदम शून्यावर जातो आणि परत वर येतो. असा नाचरा काटा दिसला की युनिट बदलायला झालं असं समजावं. काही नव्या गाड्यांत घासणारी पट्टी नसते, चुंबकाच्या मदतीने स्पर्शाशिवाय मोजणी होते आणि ही झीज टळते. फ्लोट वरच अडकला तर मात्र मोठी फसगत होते, कारण टाकी रिकामी होत असताना काटा अर्ध्यावर निवांत उभा राहतो.

टाकीचा आकारही काट्याला साथ देत नाही. डबा चौकोनी असता तर उंची निम्मी झाली की डिझेल निम्मं झालं असं म्हणता आलं असतं. पण मोटारीची टाकी सीटखाली, सायलेन्सरच्या पाइपाला बगल देत, उरलेल्या जागेत बसवलेली असते. ती कुठे फुगीर असते, कुठे आत दबलेली. ज्यांची मागची चाकं गाडी ढकलतात अशा काही गाड्यांत ती मधल्या शाफ्टवरून दोन्ही बाजूंना उतरते, त्यामुळे एकाच टाकीत दोन खड्डे तयार होतात. शिवाय टाकी गच्च भरल्यावर फ्लोट छताला टेकतो आणि वरचे काही लिटर संपेपर्यंत तो हलतच नाही. म्हणून टाकी फुल्ल केल्यावर पहिले शे-सव्वाशे किलोमीटर काटा जागचा हलत नाही, आणि निम्म्याच्या खाली गेला की भराभर उतरतो. गाडी अचानक जास्त पिऊ लागली असं वाटतं, पण ती आधीइतकंच पीत असते. नव्या गाड्यांतला संगणक टाकीचा आकार ध्यानात ठेवून ही चूक बरीचशी भरून काढतो, तरी तळाजवळ आली की मोजणी कच्चीच राहते. तिथे फ्लोटला खाली जायला जागाच उरलेली नसते.

आता त्या दिव्याविषयी. रिझर्व्हचा दिवा बहुतेक मोटारींत पाच ते नऊ लिटर उरलेलं असताना लागतो. आकडा गाडीगणिक वेगळा असतो आणि तो आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. जुन्या मोटारींत त्यासाठी टाकीच्या तळाजवळ एक वेगळा मणी बसवलेला असे. तो इंधनात बुडालेला असेपर्यंत थंड राही. इंधन खाली गेलं, मणी उघडा पडला की तो तापे, त्याचा रोध घसरे आणि दिवा पेटे. ही युक्ती साधी होती आणि काट्यापेक्षा भरवशाची, कारण फ्लोट अडकला तरी दिवा आपलं काम करी. हल्ली बहुतेक गाड्यांत काटा आणि दिवा दोन्ही एकाच फ्लोटवर चालतात. तो बिघडला की दोघेही एकदमच चुकतात.

काटा शून्यावर टेकल्यावरही टाकीत थोडं डिझेल असतं हे खरं आहे. बनवणारे मुद्दामच काटा थोडा घाबरट ठेवतात. पण त्या उरलेल्यातलं सगळं इंजिनाला मिळत नाही. ओढून घेणाऱ्या नळीचं तोंड अगदी तळाला चिकटवता येत नाही, त्यामुळे खालचा थोडा भाग न मिळणाराच असतो. गाडी कलली की हा न मिळणारा भाग वाढतो.

हे कलणं किती महत्त्वाचं आहे याचा हिशेब करून पाहिला तर अंगावर येतो. समजा टाकीचा तळ सपाट आहे, साठ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. आत पाच लिटर डिझेल आहे. गाडी सपाटीवर असेल तर या पाच लिटरची खोली भरते अवघी १.४ सेंटिमीटर. बोटाचं अर्धं पेर. आता गाडी बारास एक अशा चढावर घ्या, म्हणजे बारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. परात एका बाजूने उचलली की पाणी दुसऱ्या काठाशी गोळा होतं, तसं सगळं डिझेल टाकीच्या मागच्या भिंतीशी जमतं. तिथली खोली होते सुमारे ३.७ सेंटिमीटर, आणि पुढचा पंधरा सेंटिमीटर तळ पूर्ण कोरडा पडतो. फ्लोट मागच्या बाजूला असेल तर काटा वर चढेल, टाकीत डिझेल वाढलं असं वाटेल. पुढच्या बाजूला असेल तर काटा शून्यावर येईल. डिझेल तेच, पाच लिटर. म्हणूनच एकाच घाटात एकाची गाडी चढावर काटा वर दाखवते आणि दुसऱ्याची उतारावर.

नेरळहून माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे फार स्पष्ट दिसतं. माथेरानात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे गाड्या दस्तुरीपर्यंतच जातात. पण तेवढ्यात सातएकशे मीटरची चढाई होते, आणि वळणं अशी की कित्येक ठिकाणी पहिला गिअर सुटत नाही. कमी डिझेलवर ही चढण चढणाऱ्या गाडीत नळीचं तोंड क्षणभर जरी उघडं पडलं, तरी पंप हवा ओढू शकतो. हे टाळायला टाकीत नळीभोवती एक छोटी वाटी केलेली असते. इंजिनाकडून परत येणारं डिझेल त्या वाटीत पडतं आणि ती भरलेली ठेवतं. तिच्या जोरावर वळणं आणि गचके निभावतात, मात्र लांबलचक तीव्र चढ आणि टाकीत दोन-तीन लिटर अशी गाठ पडली की वाटीचंही चालत नाही. अशीच गाडी उतारावर रात्रभर उभी करून ठेवली तर सकाळी ती सुरू व्हायला कुरकुरते. रात्रभरात डिझेल दुसऱ्या कोपऱ्यात जमलेलं असतं.

चालत्या गाडीत डिझेल सतत डचमळतं, म्हणून काट्याला मुद्दाम सुस्त केलेलं असतं. जुन्या प्रकारच्या काट्यांत तापून वाकणारी दोन धातूंची पट्टी असे, ती मुळातच मंद. आताचा संगणक फ्लोटच्या काही मिनिटांच्या नोंदींची सरासरी काढून काटा हळूच सरकवतो. चावी फिरवल्यावर मात्र पुष्कळ गाड्या त्या क्षणीची पातळी ताबडतोब वाचतात. त्यामुळे उतारावर उभ्या गाडीत चावी फिरवली आणि काटा वर दिसला, म्हणून हायवेला लागणं धोक्याचं आहे. गाडी सपाट जागी आणावी, बंद करावी, मिनिटभराने चावी पुन्हा फिरवावी आणि मग काट्याकडे बघावं. तळाजवळ असताना काटा वाचायची खरी जागा हीच.

एवढं झालं डिझेल किती आहे याबद्दल. ते किती लागेल, हा दुसरा अर्धा प्रश्न आहे आणि आमच्या भागात तोच जास्त फसवतो.

खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण साठ मीटर उंचीवर, लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. मध्ये बोरघाटाची साडेपाचशे मीटरची चढण. या चढणीचा हिशेब दोन मोठ्या कामांनी फार पूर्वी केलेला आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, आणि सदतीसला एक अशा चढावर गाडी चढवण्यासाठी कर्जत स्टेशनात आजही गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडली जातात. त्यांना बँकर म्हणतात. दुसरीकडे टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून खाली आणून १९१५ पासून खोपोलीत वीज तयार करायला सुरुवात केली. जी उंची उतरताना पाणी वीज देतं, तीच उंची चढताना आपली मोटार डिझेल जाळते.

किती जाळते? माणसं आणि सामानासकट दीड टन वजनाची गाडी साडेपाचशे मीटर वर न्यायला सुमारे ८१ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३ कोटी ६० लाख ज्यूल असतात, पण त्यांतले तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच चाकांपर्यंत पोचतात. म्हणजे नुसत्या उंचीसाठी गाडीला पाऊण लिटरच्या जवळपास जादा डिझेल लागतं. खोपोली ते लोणावळा अंतर सुमारे पंधरा किलोमीटर. सपाटीवर अठराचं अॅव्हरेज देणारी गाडी एवढ्या अंतराला पाऊण लिटरहून थोडं जास्त घेते. घाटात त्यात हे जादाचं मिळवायचं, आणि अॅव्हरेज अठरावरून दहाच्या घरात येतं. पुढे कंटेनर दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असेल आणि आत एसी चालू असेल तर त्याहूनही खाली.

त्यावर वाहतूक कोंडी. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की बोरघाटात गाड्या तास-दोन तास अडकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. उभ्या गाडीचं डिझेल इंजिन तासाला अर्धा लिटर ते लिटरभर पितं, एसी असेल तर लिटरच्या बाजूला. दोन तास अडकलात तर एरवी पंचवीस-तीस किलोमीटर नेणारं डिझेल जागच्या जागी जळतं. रिझर्व्हच्या सहा लिटरमधले दोन लिटर असेच गेले, आणि चढावर कललेल्या टाकीतले एक-दोन लिटर नळीपर्यंत पोचतच नाहीत, तर ‘दिवा लागल्यावर साठ किलोमीटर’ या हिशेबात काय उरलं?

हल्लीच्या गाड्यांत पडद्यावर किती किलोमीटर जाता येईल याचा आकडा येतो आणि पुष्कळ जण काट्यापेक्षा त्यावर विश्वास ठेवतात. आकडा नेमका दिसतो, म्हणून तो खरा वाटतो. पण तो तयार होतो त्याच फ्लोटच्या वाचनाला गाडीच्या गेल्या काही अंतरातल्या अॅव्हरेजने गुणून. पनवेलहून खालापूरपर्यंत सपाट रस्त्यावर अठराने आलेल्या गाडीत सहा लिटर असतील, तर पडदा १०८ किलोमीटर दाखवेल. पुढे घाट आहे हे त्याला माहीत नसतं. चढ सुरू झाला की आकडा दर मिनिटाला घसरतो. उतरताना उलटं होतं. लोणावळ्याहून खोपोलीला उतरणाऱ्या गाडीत आकडा चालता चालता वाढतो आणि चालकाला वाटतं अजून पुष्कळ जाता येईल. त्याने खालच्या सपाट रस्त्यावर तेवढं अंतर धरलं तर फसला. काही गाड्या शेवटी आकडा दाखवायचंच थांबवतात आणि नुसत्या रेघा दाखवतात. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. जिथे मोजणी भरवशाची नाही तिथे आकडा देऊच नये.

पेट्रोलच्या गाडीत हा सगळा हिशेब चुकला तर माणूस रस्त्यात अडकतो, कॅनमधून पेट्रोल आणतो, टाकतो आणि निघतो. डिझेलचं तसं नाही, आणि म्हणूनच डिझेलवाल्याने तळाशी खेळू नये असं मला मनापासून वाटतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या, तापलेल्या हवेत डिझेलचा अतिशय बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. हा फवारा मारायला प्रचंड दाब लागतो. आजच्या कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे फवारा मारणाऱ्या सगळ्या नोझलना रेल नावाच्या एकाच उच्चदाब नळीतून डिझेल मिळतं अशा गाड्यांत, तो १६०० बार किंवा त्याहून जास्त असतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या दीड हजार पटींहून अधिक. द्रव जवळपास दबत नाही, म्हणूनच असा दाब तयार करता येतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पंपाचा धक्का त्या बुडबुड्याला दाबण्यातच वाया जातो, दाब चढत नाही, नोझल उघडत नाही, इंजिन हिसके देतं आणि बंद पडतं. ‘गाडीने एअर घेतली’ असं मेकॅनिक म्हणतो ते हेच. आता टाकीत डिझेल ओतलं तरी मधली हवा जागची हलत नाही, ती काढावी लागते.

दुसरी गोष्ट त्याहून महागाची आहे. त्या उच्चदाब पंपाला वेगळं ऑइल नसतं. त्यातून जाणारं डिझेलच त्याचं वंगण. पंपाच्या आतले भाग केसापेक्षा कितीतरी बारीक फटींनी एकमेकांत बसलेले असतात. डिझेल नाही आणि पंप फिरतोय, असं झालं की धातूवर धातू घासतो. त्यातून सुटलेले बारीक कण पुढे रेलमध्ये आणि नोझलमध्ये जातात. एकदा हे झालं की नुसता पंप बदलून भागत नाही, सगळी लाइन साफ करावी लागते आणि कधी नोझलही बदलावे लागतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं. त्यात गंधक दहा लाखांत फक्त दहा भाग. हवेसाठी ते उत्तम झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची मूळची वंगणशक्तीही घटते, म्हणून कंपन्या त्यात वंगणाचा अंश वेगळा मिसळतात. पंपाला डिझेलचा पुरवठा अखंड मिळणं त्यामुळे आणखीच गरजेचं झालं. काही गाड्यांचे संगणक टाकी पुरती कोरडी होण्याआधीच इंजिन बंद करतात. चालकाला वाटतं डिझेल संपलं, प्रत्यक्षात गाडीने पंप वाचवलेला असतो. अशी सोय आपल्या गाडीत आहे असं धरून मात्र चालू नये.

बीएस-६ गाडीत आणखी एक बाब आहे. सायलेन्सरमधल्या काजळीच्या गाळणीत साठलेली काजळी गाडी अधूनमधून जाळून टाकते, त्यासाठी जादा डिझेल लागतं. टाकीत डिझेल कमी असेल तर अनेक गाड्या ही जाळणी सुरूच करत नाहीत. कायम रिझर्व्हवर फिरणाऱ्याची गाळणी म्हणूनही लवकर तुंबू शकते.

तळाचं डिझेल वापरलं की गाळ ओढला जातो, असं सर्रास म्हटलं जातं. हे तितकंसं बरोबर नाही. नळी टाकी भरलेली असतानाही तळातूनच ओढते, गाळ असेल तर तो रोजच फिल्टरमध्ये जातो. खरी काळजी पाण्याची करावी. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, एका लिटरचं वजन साडेआठशे ग्रॅमच्या आतच, त्यामुळे पाणी खाली बसतं. टाकी रिकामी असेल तर वरच्या जागेत दमट हवा भरते आणि रात्री गार झालेल्या टाकीच्या आतल्या बाजूने थेंब धरतात. कर्जतच्या पावसाळ्यात याला महिने मिळतात. इथल्या फार्महाउसांवर मुंबईकरांच्या गाड्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत उभ्या असतात, कित्येकदा पाव टाकीसुद्धा नसते. त्या काळात जमलेलं पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीवांचा काळपट बुळबुळीत थर वाढू शकतो आणि तो फिल्टर गच्च करतो. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी, आणि फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू दिवाळीआधी एकदा ढिला करून घ्यावा.

कमी डिझेल असलेला माणूस आणखी एक घातक गोष्ट करतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो, डिझेल वाचेल म्हणून. वाचत नाही. गिअरमध्ये पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की आजच्या डिझेल गाडीत नोझल पूर्ण बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात, खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहायचं असतं, म्हणून ते डिझेल पितं. वर इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेक शूवर आला, आणि खंडाळ्याच्या उताराला तापलेला ब्रेक काय करतो याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. त्याच अवस्थेत डिझेल संपून इंजिन बंद पडलं तर ब्रेकला हात देणारी व्हॅक्यूमही संपते. एक-दोनदा पाय दाबेपर्यंत ती पुरते, मग पेडल दगडासारखं कडक होतं. स्टिअरिंगही जड होतं. घाटात कमी डिझेलचा खरा धोका हा आहे.

मग काट्यावर भरवसा ठेवायचा तरी किती, हे आपल्या गाडीपुरतं काढता येतं. सपाट रस्त्यावर दिवा लागला की जवळच्या पंपावर जाऊन पहिल्या ऑटो कटपर्यंत टाकी भरावी. पुस्तिकेतली क्षमता बेचाळीस लिटर आणि भरलं पस्तीस, तर दिव्याच्या वेळी किमान सातएक लिटर होतं. किमान अशासाठी, की टाकीत जाहीर क्षमतेपेक्षा जागा जास्त असते. डिझेल तापलं की फुगतं, त्यासाठी ती राखलेली असते. बेचाळीसच्या टाकीत पंचेचाळीस लिटर भरले म्हणून पंपवाल्याशी भांडण होतं ते पुष्कळदा यामुळेच. तरीही शंका असेल तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून मोजून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. डिझेलला फेस येतो आणि फेसानेही नोझल आधीच कट होतो, म्हणून एका वेळच्या आकड्यावर जाऊ नये. तीन-चार वेळा टिपून ठेवावं. आकडे जवळजवळ आले तर तुमचा दिवा विश्वासू आहे. एकदा चार, एकदा नऊ असं यायला लागलं तर फ्लोट दाखवून घ्यावा. फक्त ही परीक्षा दिव्याशीच थांबवावी. काटा टेकल्यावर गाडी किती जाते हे बघण्याचा प्रयोग डिझेलवर करू नये.

आमच्या भागापुरतं मी असं मानतो, की पाव टाकी हाच रिझर्व्ह. घाट चढायचा असेल तर खोपोली किंवा खालापूरच्या टप्प्यातच भरून घ्यावं, कारण एक्स्प्रेसवेवर घाट सुरू झाल्यावर वर पोचेपर्यंत पंप नाही आणि वळायलाही जागा नाही. कशेळेवरून खांडसकडे भीमाशंकरच्या पायथ्याला जायचं असेल तर कर्जत किंवा नेरळलाच टाकी बघावी, आत पंप विरळ आहेत.

आणि तरीही कधी डिझेल संपलंच, तर एक्स्प्रेसवेवर गाडी डाव्या कडेला घेऊन चारही दिवे लावावे आणि माणसांनी कठड्याच्या पलीकडे उभं राहावं. बॉनेट उघडून तिथे खटपट करू नये. सेल्फ मारत राहू नये, प्रत्येक सेल्फने कोरडा पंप घासतो. गाव-रस्त्यावर असाल तर आणलेलं डिझेल पुरेसं असावं. चढावर उभ्या गाडीत दोन लिटर ओतले तर ते मागच्या कोपऱ्यात जातात आणि नळी कोरडीच राहते. निदान पाच लिटर हवेत, आणि शक्य असेल तर गाडी आधी सपाटीवर ढकलून घ्यावी. टाकीत विजेवर चालणारा पंप असलेल्या गाडीत चावी चालू करून, सेल्फ न मारता काही सेकंद थांबावं, बंद करावी, आणि हे चार-पाच वेळा करावं, म्हणजे डिझेल पुढे येतं. हातपंप असेल तर तो फिल्टरजवळ सापडतो. सुरुवातीला तो मऊ लागतो, दाबत गेलं की हळूहळू कडक होतो. कडक झाला की हवा बरीचशी निघाली. मग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ न मारता गाडी सुरू करून बघावी, नाही झाली तर मिनिटभर थांबून पुन्हा. दोन-तीन प्रयत्नांत नाही झाली तर मेकॅनिक बोलवावा. तो फिल्टरवरचा स्क्रू किंचित सैल करतो, खाली फडकं धरतो आणि हातपंप मारतो. आधी फेसाळ डिझेल फुसफुसत येतं, मग बुडबुडे विरळ होतात, आणि सरळ धार लागली की तो स्क्रू आवळतो. गाडी सुरू झाल्यावर निघायच्या आधी त्या स्क्रूभोवती बोट फिरवून बघावं. ओलं लागलं तर तो नीट बसलेला नाही, आणि तिथूनच पुन्हा हवा शिरेल.